वस्तीतून पुढारी घडवायचे तर: निवडीपासून पाय मागे घेईपर्यंतचा क्रम

बहुतेक ठिकाणी नेतृत्व प्रशिक्षण असं होतं. समाजमंदिरात दोन दिवसांचं शिबिर, फळ्यावर पुढाऱ्याचे दहा गुण, दुपारी पुलाव, शेवटी प्रमाणपत्रं आणि एक फोटो. दोन महिन्यांनी गल्लीतला चेंबर तुंबतो, मैला उंबऱ्याशी येतो आणि प्रमाणपत्रवाले सगळेच्या सगळे शिबिर घेणाऱ्यालाच फोन लावतात. "सर, काहीतरी करा ना."

हा फोन आला की समजायचं, प्रशिक्षण झालंच नाही, कार्यक्रम झाला.

खालचा क्रम पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना बसलेला आहे. दुसऱ्या शहरात कार्यालयांची नावं बदलतील, क्रम बदलू नका. तीनेकशे घरांची वस्ती धरली तर सहा महिने लागतात. कुणी दोन दिवसांत करून मागत असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

१. निवड: आधी दारं मोजा, मग माणसं

बहुतेकांचं इथेच चुकतं. वस्तीत गेलं की पांढरा शर्ट घातलेले दोघं-तिघं समोर येतात, खुर्च्या मागवतात, चहा सांगतात. त्यांनाच घेऊन गट होतो. ते वाईट असतात असं नाही, पण ते आधीच कुणाचे तरी असतात. मंडळाचे असतील, पक्षाचे असतील, नाहीतर स्वतःचेच.

पहिले तीन-चार आठवडे शिबिराचं नावही काढू नका. गल्लीगल्लीत फिरा आणि प्रत्येक दारात तीनच प्रश्न विचारा:

- रात्री दोनला घरात कुणी आजारी पडलं तर पहिलं दार कुणाचं वाजवता?
- रेशनचा, शाळेचा फॉर्म कुणाकडून भरून घेता?
- नळावर भांडण झालं तर मधे कोण पडतं?

उत्तरं वहीत नावापुढे रेघ मारून लिहा. शंभरेक दारं झाली की पंधरा-वीस नावं आपोआप वर येतात. त्यात अंगणवाडीची मदतनीस असते, भिशी चालवणारी बाई असते, रिक्षावाला असतो, एखादी बारावी झालेली पोरगी असते. पांढऱ्या शर्टवाल्यांपैकी एखादाही असतो, त्याला वगळू नका.

वीस-पंचवीस घरांमागे एक माणूस या हिशेबाने बारा-पंधरा जण पुरे. प्रत्येक गल्लीतून किमान एक हवाच. वस्तीत वेगवेगळ्या समाजांच्या आळ्या असतील, भाडेकरूंची एक ओळ असेल, तर त्या ओळीतला माणूस मुद्दाम शोधा. भाडेकरू कुणाच्याच यादीत नसतात आणि पाणी त्यांनाही लागतं.

*इशारा:* नगरसेवकाकडून किंवा निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या इच्छुकाकडून नावांची यादी घेऊ नका. पण त्यांना अंधारातही ठेवू नका. गट ठरल्यावर एकदा जाऊन, काय करतो आहोत ते सांगून या. न सांगता सुरू केलंत तर तिसऱ्या आठवड्यात "हे कुणाचे लोक?" ही कुजबुज सुरू होते आणि मग ती थांबत नाही.

*तपासा:* यादीत निम्म्याहून जास्त बाया आहेत का? दिवसभर वस्तीत त्याच असतात. नसतील तर तुम्ही संध्याकाळीच फिरलात, दुपारी पुन्हा फिरा.

२. घर आणि घड्याळ

निवडलेल्या प्रत्येकाच्या घरी जा. सुनेला गटात घ्यायचं असेल तर सासूशी बोला, आणि सुनेच्या समोर बोला. "कुठं जायचं, कशाला जायचं, किती वेळ" एवढं स्वच्छ सांगितलं की निम्मा विरोध मावळतो. उरलेला विरोध पुढे काम दिसलं की मावळतो, किंवा नाही मावळत.

वेळ तुमच्या सोयीने ठरवू नका. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बाया दुपारी घरी येतात आणि चारला पुन्हा बाहेर पडतात. पाण्याची वेळ असते ती वेगळीच. आठवड्यातून एकदा दीड तास, सलग दिवस नकोत. बसायची जागा वस्तीतच हवी, लहान पोरं घेऊन येता येईल अशी.

मानधन देऊ नका. बाहेर कुठे जावं लागलं तर रिक्षा-बसचं भाडं मात्र त्याच दिवशी हातात द्या.

३. पहिला प्रश्न लहान घ्या

हा टप्पा मी स्वतः चुकवलेला आहे. एका वस्तीत पहिल्याच बैठकीत "सगळ्यात मोठा प्रश्न कोणता?" असं मी विचारलं. उत्तर अर्थातच आलं पुनर्वसन. आम्ही तोच घेतला. चार महिने कागद, पुरावे, पात्र-अपात्रच्या याद्या. गटातल्या दोघांची घरं अपात्र ठरण्याची भीती होती, तिघांना बिल्डरच्या माणसाने वेगळं बोलावून घेतलं, आणि पाचव्या महिन्यात सतरंजीवर मी आणि एक आजी एवढेच उरलो. आजी सुद्धा मला वाईट वाटू नये म्हणून आलेल्या.

विचारायचं असं: "सगळ्यात मोठा" नव्हे, तर "दोन महिन्यांत सुटेल असा कोणता?" पहिल्या प्रश्नाला चार अटी लावा. तो एकाच गल्लीचा किंवा दोन गल्ल्यांचा असावा. एकाच कार्यालयाशी त्याचा संबंध असावा. सुटला की डोळ्यांना दिसावा. आणि त्यात वस्तीतल्याच कुणाचं नुकसान होत नसावं. तुंबणारा चेंबर, बंद पडलेला दिवा, सार्वजनिक शौचालयाचं मोडकं दार, कचऱ्याची न येणारी गाडी, असले प्रश्न उत्तम. अतिक्रमण, घराची उंची, नळाला लावलेली मोटार हे पहिले प्रश्न नव्हेत, कारण तिथे शेजारी शेजाऱ्याच्या समोर उभा राहतो.

४. पाहणी: बोलायच्या आधी मोजायचं

आता गटाला दोघादोघांच्या जोड्या करून गल्लीत पाठवा. एक विचारणारा, एक लिहिणारा. पुढच्या आठवड्यात उलट. तुम्ही बरोबर जाऊ नका, गेलात तर लोक तुमच्याशीच बोलतील.

चेंबरचंच उदाहरण घेऊ. "ड्रेनेजचा त्रास आहे" या वाक्याला कार्यालयात किंमत नाही. वहीत हवं ते असं: चेंबर कुठल्या घरासमोर, झाकण आहे का, महिन्यात किती वेळा तुंबला, कुठल्या तारखांना, पाणी किती घरांत शिरतं, सफाईवाले शेवटचे कधी आले. गटाला गल्लीचा नकाशा स्वतः काढू द्या, खडूने जमिनीवर, मग कागदावर. प्रमाण चुकेल, चुकू द्या. एका गल्लीचा नकाशा काढताना एका मावशींनी चेंबर चारऐवजी पाच दाखवले. सगळे म्हणाले चारच आहेत. मावशींनी उठून जाऊन एका घराच्या ओट्याकडे बोट दाखवलं, पाचवा त्याच्याखाली बुजलेला होता. पाणी तुंबण्याचं कारण तेच होतं.

दोन आठवडे नुसती नोंद करायची. अर्ज नाही, फोन नाही. गट वैतागतो, "किती लिहायचं?" म्हणतो. लिहायला लावा. पुढे कार्यालयात कनिष्ठ अभियंता "रोज कुठं तुंबतं?" म्हणाला की तारखा वाचून दाखवता येतात, आणि त्या क्षणी वही कशासाठी होती ते सगळ्यांना कळतं.

*इशारा:* पाहणीत आधार कार्ड, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र यांच्या झेरॉक्स गोळा करू नका. चेंबरला आधार लागत नाही. एकदा कागद गोळा केले की "यांनी आमचे कागद नेले" हे कायमचं चिकटतं, आणि ते बरोबरच आहे.

५. गल्ली-बैठक

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. पुढाऱ्याचं निम्मं काम बैठक घेणं हेच आहे आणि ते कुणी शिकवत नाही.

जागा: गल्लीतच, रस्त्यावर, सतरंजी टाकून. समाजमंदिरात घेतली की पुरुष येतात आणि खुर्च्यांवर बसतात. ओट्यासमोर घेतली की बाया दारातूनही ऐकतात, आणि हळूहळू खाली येऊन बसतात.

वेळ: पाऊण तास. विषय एकच. निरोप एकदा आदल्या दिवशी आणि एकदा अर्धा तास आधी, दारावर जाऊन. व्हॉट्सअॅपवरचा निरोप हा निरोप नव्हे.

प्रत्यक्ष बैठकीआधी दोनदा तालीम करा. गटातल्याच लोकांनी शेजारी व्हायचं: एक ओरडणारा, एक "काही होणार नाही" म्हणणारी, एक विषय सोडून जुनं भांडण काढणारा. तालमीत सगळे पोट धरून हसतात, पण बैठकीत नेमके तेच लोक येतात. आमच्या एका बैठकीतला प्रसंग:

"हे सगळं पैसे खायचे धंदे. मागं पण आले होते असेच," एक काका उभं राहून म्हणाले.

गटातली ताई आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, बसा ना. मागं कोण आलं होतं, किती पैसे घेतले, ते सांगा. मी लिहून घेते."

काका बसले. दर घरी शंभर रुपये, काम झालंच नाही. ताईने खरंच लिहून घेतलं आणि तिथेच सांगितलं, "या कामाला कुणाकडून एक रुपया घ्यायचा नाही. कुणी मागितला तर काका, तुम्हीच मला सांगायचं." पुढच्या बैठकीची सतरंजी काकांनी आणली.

ही ताई आधीच्या तालमीत दोनदा रडकुंडीला आली होती.

बैठकीत चार गोष्टी व्हायलाच हव्यात. वहीतली नोंद मोठ्याने वाचणं. कमीत कमी दहा जणांनी, त्यात गटाबाहेरच्यांनीही, काहीतरी बोलणं. ठराव एका वाक्यात लिहून सगळ्यांना ऐकवणं. आणि पुढचं काम कुणी, कुठल्या तारखेला करायचं ते नावासकट ठरवणं. इतिवृत्त साध्या रजिस्टरमध्ये, खाली सह्या किंवा अंगठे.

*तपासा:* बैठकीत तुम्ही किती वेळा बोललात? एकदाही बोललात तर पुढच्या बैठकीला मागच्या ओळीत बसा. तरीही राहवत नसेल तर येऊच नका.

६. अर्ज, पोच आणि पाठपुरावा

अर्ज गटाने स्वतःच्या अक्षरात लिहावा. छापील लेटरहेड नको, तुमच्या संस्थेचं तर मुळीच नको. भाषा साधी असावी. "आमच्या गल्लीतील अमुक घरासमोरील चेंबर गेल्या महिन्यात सहा वेळा तुंबला, तारखा सोबत जोडल्या आहेत. बारा घरांत सांडपाणी शिरते. चेंबर साफ करून बुजलेला पाचवा चेंबर मोकळा करावा, ही विनंती." बस. "माननीय महोदयांनी कृपादृष्टी ठेवून" वगैरे लिहायची सवय शाळेतून आलेली असते, ती खोडा. मागणी एकच ठेवा. एका अर्जात पाणी, दिवा, ड्रेनेज सगळं घातलं की अर्ज तीन टेबलांमध्ये फिरतो आणि कुठल्याच टेबलाचा राहत नाही.

कार्यालयात जाताना:

- तिघे-चौघे जा, तीस-चाळीस नको. मोर्चा हे वेगळं हत्यार आहे, पहिल्याच दिवशी काढायचं नाही.
- दोन प्रती न्या. एक आवक टेबलाला, म्हणजे आलेले कागद नोंदवून घेतात तिथे, द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ही पोच.
- "साहेब नाहीत, नंतर या" म्हटलं तरी साहेबांची वाट बघायची गरज नाही, अर्ज आवकला द्यायचा असतो.
- पोच घेतल्यावरच संबंधित अभियंत्याला किंवा आरोग्य निरीक्षकाला भेटा. नाव, हुद्दा, काय म्हणाले ते बाहेर आल्याबरोबर वहीत लिहा.

तुम्ही काय करायचं? बाहेर चहाच्या टपरीवर बसायचं. आत गेलात तर साहेब तुमच्याकडे बघूनच बोलणार, आणि गटातल्या बाईंनी चार महिन्यांत कमावलेला आवाज पाच मिनिटांत जाणार.

पोच हातात नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. ही गोष्ट मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी "अहो, साहेबांनी स्वतः घेतला, चांगले आहेत ते" असं म्हणत रिकाम्या हातांनी येतं. पुन्हा पाठवा.

पाठपुराव्याचं वेळापत्रक आधीच भिंतीवर लावा. सात दिवसांनी भेट. पंधरा दिवसांनी पहिल्या पोचेची झेरॉक्स जोडून स्मरणपत्र. महिना उलटला तर माहिती अधिकार.

माहिती अधिकाराचा अर्ज गटातल्या प्रत्येकाने एकदा तरी स्वतः लिहावा. २००५ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात अर्ज करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडायची. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत. उत्तरासाठी ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याचे २० रुपये. नवखे लोक हमखास करतात ती चूक म्हणजे "काम का झाले नाही?" असं विचारणं. कायद्याने मिळतो तो कार्यालयात असलेला कागद, कारणं नव्हेत. म्हणून मागायचं असं: "आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची आणि पत्रव्यवहाराची साक्षांकित प्रत द्यावी." एवढ्या एका वाक्याने अनेकदा फाइल शोधली जाते आणि काम उत्तराच्या आधीच सुरू होतं.

"नगरसेवकाला एक फोन केला तर दोन दिवसांत होतं, एवढी वही कशाला?" हा प्रश्न गटात येतोच. खरं आहे, होतं. पण मार्च २०२२ मध्ये पुण्यात नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं महापालिकेवर प्रशासक होता. ज्या वस्त्यांचा सगळा कारभार एका फोन नंबरवर चालत होता त्यांचा नंबरच गेला. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातलं, म्हणजे आपल्या भागाच्या कार्यालयातलं, आवक टेबल मात्र जागेवर होतं.

पहिलं काम झालं की दुसरं थोडं मोठं घ्या. पुण्यात त्यासाठी सोयीची वाट आहे. २००६ पासून महापालिका पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात, मुदत दर वर्षी जाहीर होते, साधारण पावसाळ्याच्या शेवटाकडे. गटाने कोणतं काम सुचवायचं ते गल्ली-बैठकीत ठरवावं, पाहणीची नोंद जोडावी, पोच घ्यावी. आणि अंदाजपत्रक आल्यावर आपलं काम त्यात आहे का ते शोधावं. शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात.

७. गल्लीला हिशेब

काम होवो न होवो, पंधरा दिवसांनी गटाने गल्लीत उभं राहून सांगायचं: कुठे गेलो, कुणाला भेटलो, काय म्हणाले, पुढे काय. काम झालं नसेल तर त्या आठवड्यात बोलायला कुणालाच नको वाटतं, म्हणून त्या आठवड्यात तर नक्कीच.

पैशाचं एकच सांगतो. झेरॉक्स, स्टॅम्प, रिक्षा यांचा खर्च असतोच. त्यासाठी वर्गणी काढलीत तर वही एकाकडे आणि पैसे दुसऱ्याकडे ठेवा, आणि महिन्याच्या शेवटी वहीचं पान फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाका. वीस रुपयांचाही हिशेब द्या. वस्तीत पुढारी पडतो तो लाखाच्या घोटाळ्याने क्वचित, बहुतेक वेळा दोन-अडीचशे रुपयांच्या संशयाने.

*इशारा:* "आता संस्था रजिस्टर करू" ही घाई याच सुमाराला सुरू होते. सात माणसं असली की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते, पण नोंदणीबरोबर दर वर्षीचा हिशेब, लेखापरीक्षण, पदाधिकारी बदलले की बदल अर्ज हे सगळं येतं. आणि सगळ्यात आधी येतो तो प्रश्न, अध्यक्ष कोण? वर्षभर काम झाल्याशिवाय हा विषय घेऊ नका.

८. दुसरी फळी, निवडणूक आणि तुमचा पाय

चौथ्या महिन्यापर्यंत गटात दोघं-तिघं उठून दिसायला लागतात. कार्यालयात तेच जातात, बैठक तेच घेतात, कारण ते चांगलं करतात. इथे थोडा दुष्टपणा करावा लागतो. नियम करा: एका माणसाने सलग दोन बैठका घ्यायच्या नाहीत, आणि कार्यालयात जाताना प्रत्येक वेळी एक जण असा हवा जो कधीच गेलेला नाही. कामाचा वेग कमी होतो. होऊ द्या.

निवडणूक जवळ आली की गटातल्या कुणाला तरी विचारणा होणार. टोप्या, वाहनं, 'महिला आघाडी'चं पद. यावर तोंडी समज ठेवू नका, आधीच बैठकीत ठराव लिहा: पक्षात जायला प्रत्येकाला मोकळीक आहे, पण प्रचार करायचा तर तेवढा काळ गटाच्या बैठका दुसऱ्याने घ्यायच्या आणि वही दुसऱ्याकडे द्यायची. हा ठराव उमेदवार ठरण्याआधी होतो. नंतर मांडला की तो कुणाच्या तरी विरोधात मांडला असंच होतं.

आणि तुमचा पाय. पाचव्या महिन्यात एक आठवडा आड जा, सहाव्यात एकदाच. वही, रजिस्टर, पोचांची फाइल गटाकडेच असायला हवी. तुमच्या कपाटात असेल तर आजच देऊन टाका. वस्तीच्या फळ्यावर संपर्कासाठी तुमचा नंबर लिहिलेला असतो, तो पुसा आणि गल्लीवार गटातल्या लोकांचे लिहा, त्यांना विचारून.

तरी फोन येईल. "सर, चेंबर परत भरलाय." तेव्हा फक्त विचारायचं, "तुमच्या गल्लीची वही सध्या कुणाकडे आहे?"